सिंदफणा आमचीच थडी का कापते? समोरच्याला फुकटात वाळू!

थडीवरचं_रान
राम राम मंडळी. आमचं रान बीड जिल्ह्यातल्या सिंदफणा नदीच्या वळणावर हाय, शिरूर कासारच्या खालच्या अंगाला. 2025 च्या सप्टेंबरात जो पूर आला त्यात थडी इतकी आत आली की मोटारीच्या पाइपलाइनचा तुकडा आता हवेत लोंबकळतोय. पंचनामा झाला, ते जाऊ द्या. मला दोन गोष्टी कळंना झाल्यात. आमच्या बाजूला घट्ट काळी माती, उन्हाळ्यात कुदळ उडती अशी, अन समोर नुसती भुसभुशीत वाळू. मग नदीनं वाळू न्यायची सोडून आमची कडक माती का कापावी, वर समोर अजून वाळू का टाकावी? दुसरं म्हंजे पूर ऐन जोरात होता तवा थडी उभी होती, पाणी उतरल्यावर दोन दिवसांनी धपाधप कोसळली, असं कसं? आता गावातले म्हनतात वर्गणी काढू, पोकलेन लावू अन वळणच सरळ करून टाकू. करावं का?

माजी_पाटबंधारे
दादा, पोकलेनचं आधी सांगतो, नका करू. परवानगीचा विषय आहेच, पण सरळ केलं की तेवढाच उतार कमी लांबीत बसतो, म्हणजे पाण्याचा वेग वाढतो, वरच्या अंगाचा तळ खोल कापत जातो आणि निघालेला सगळा माल खालच्या शेतकऱ्याच्या पात्रात जाऊन साचतो. त्यात काही पावसाळ्यांनी नदी दुसरीकडं वळण काढायला बघणारच.

आता वळणाचं. पाणी वळताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे तुमच्या थडीकडं, फेकलं जातं, तिथं पातळी किंचित चढते, वेगही तिथंच जास्त आणि डोहही तिथंच. पण तळाशी खरबरीत गोटे-वाळूमुळं पाणी हळू असतं, ते बाहेर फेकलं जात नाही, उलट चढलेल्या पातळीच्या दाबानं आतल्या काठाकडं ढकललं जातं. म्हणजे वर बाहेर, खाली आत, असं पाणी पीळ घेत पुढं जातं. चहाच्या कपात चमचा फिरवून काढला की भुकटी कडेला न जाता मधोमध तळाशी गोळा होते, ते ह्याच कारणानं. आइन्स्टाइननं 1926 मध्ये नद्यांच्या वळणांवर लिहिताना हेच उदाहरण घेतलं होतं, आणि त्याचा मुलगा हान्स आल्बर्ट तर पुढं नदीतल्या वाळूच्याच हिशोबातला मोठा इंजिनिअर झाला. तर तुमच्या थडीचा पायथा कापला जातो आणि तळाची वाळू आतल्या बाजूला चढत जाते. समोर साचलेली वाळू बहुतेक वरच्या वळणांच्या थड्यांतूनच आलेली असते.

काळी माती कडक वाटते हे खरं, आणि सुटायलाही ती वाळूपेक्षा जड जाते. पाण्यानं सगळ्यात सहज उचलतात ते साधारण पाव ते अर्धा मिलिमीटरचे वाळूचे कण. चिकणमातीचे कण त्याहून कितीतरी बारीक, पण एकमेकांना धरून बसतात. फक्त एकदा सुटले की खाली बसत नाहीत, गढूळ पाण्याबरोबर थेट माजलगावच्या धरणात. वाळू मात्र वेग कमी झाला की लगेच बसते. आणि तुमच्या थडीत वर काळी असली तरी खाली काय आहे ते बघा, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी काळीच्या खाली पिवळी माती नाहीतर जुन्या वाळू-गोट्यांचा थर असतो. नदी तो थर खालून पोखरते, मग वरचं कितीही कडक असो.

थडीवरचं_रान
सर बरोबर, आत्ता जाऊन बघून आलो, खाली हातभर वाळूच हाय अन त्यात गारगोट्या. पण पूर उतरल्यावर का पडली ते राहिलं.

माजी_पाटबंधारे
हो, ते राहिलं. पूर असतो तेव्हा माती पाणी पिऊन जड होते, पण बाहेरून पुराचंच पाणी तिला रेटा देऊन धरून ठेवतं. पूर झपाट्यानं उतरला की बाहेरचा आधार गेला, आतलं पाणी मात्र तितक्या लवकर निघत नाही, काळी माती ती, सोडते थोडीच. त्यात उन्हाळ्यातल्या भेगा. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या नदीकडच्या बाजूला बैल, ट्रॅक्टर, माणूस कुणीच उभं राहू नका, अख्खा धस एकदम बसतो.

गोदाथडी_पैठण
सर तुमचं सगळं पटलं पण वाळूउपशावर तुम्ही बोललाच नाहीत. सगळं वळणावर कसं ढकलता? पात्रात रात्रभर हायवा चालतात, पुरुषभर खड्डे पडतात. पूर आला की खड्ड्याच्या वरच्या कडेवरून पाणी उडी घेतं, ती कड तुटत तुटत वर सरकत जाते, तळ खाली गेला की थडी आपोआप उंच अन उभी होते, मग पडणारच. धरणाखाली अजून वेगळं. जायकवाडी 1976 ला झालं, तेव्हापासून वरची वाळू नाथसागरात अडकून बसते, खाली येतं ते गाळ नसलेलं पाणी, आणि त्याला ओझं नसल्यानं ते तळ अन काठच खातं. वरून भर नाही अन खालून उपसा, मग पात्रात राहणार काय, उघडा खडक?

माजी_पाटबंधारे
उपशाचं मान्य, एकदम मान्य. फक्त ह्यांचं रान माजलगावच्या धरणाच्या वर आहे, म्हणून जायकवाडीखालचा हिशोब इथं तसाच लागू नाही.

काळी_चोपण
मग समोरची वाळूच काढून टाकली तर नदी तिकडं जाईल ना? आमच्याकडं एक ठेकेदार हेच सांगतोय, वर म्हणतो गावाचंच भलं होईल.

गोदाथडी_पैठण
भलं कुणाचं ते कळलं 😄 पुढच्या पुरात तिथंच परत वाळू येऊन बसते, कारण वळण तसंच राहतं. मधल्या काळात खड्डा मात्र त्याचा.

थडीवरचं_रान
मग करायचं काय? एक जण म्हनला वाळ्याचं गवत लावा, वाळा माती धरून ठेवतो.

माजी_पाटबंधारे
वाळा, निरगुडी, बांबू वरच्या मातीसाठी चांगलेच, पण मुळं जाऊन जाऊन किती खोल जातील, पायथा त्याच्याही खाली असला तर झाडासकट धस पडतो. आधी पायथा. जाळीत बांधलेले दगड उन्हाळ्यात तळाच्याही खाली बसवायचे, पुरात तळ अजून खाली जातो तो हिशोब धरून, आणि मागं बारीक मुरूम-खडीचा थर, नाहीतर पाणी निघताना दगडांच्या फटीतून मातीच निघून जाते. सुटे दगड ट्रॉलीनं ओतले तर लहान असले की वाहतात. वेग दुप्पट झाला की पाणी हलवू शकतं अशा दगडाचं वजन ढोबळमानानं चौसष्टपट होतं, त्यावरून अंदाज घ्या. मग थडीचा उभा कडा तिरका करून त्यावर वाळा. आणि तुमच्या एकट्याच्या बांधापुरतं करू नका, वळण जिथं सुरू होतं तिथपासून वळण संपून थोडं खालपर्यंत, नाहीतर काम संपतं तिथं पाणी मागून शिरतं.

थडीवरचं_रान
म्हंजे शेजारच्या तिघांना धरावं लागतंय. त्यातले दोघं पोकलेनवाले हायत. पाइपलाइन तरी आत घेतो उद्या.