दाजीपूरला दोन रात्री तंबूत राहण्याविषयी मार्गदर्शन हवे

करवीरवासी यांचा प्रश्न :

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चार मोठी माणसे आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुले कोल्हापुरातून स्वतःच्या गाडीने निघून दाजीपूरच्या जंगलात दोन रात्री तंबूत राहण्याचा विचार करत आहोत. राधानगरी जलाशयाच्या काठी तंबू ठोकावेत, तीन दगडांची चूल मांडून मटण शिजवावे आणि पहाटे गवे पाहावेत, असा साधारण बेत आहे. तंबू दोन आहेत, पण ते अजून घराच्या गच्चीपलीकडे कुठेही उभे केलेले नाहीत. परवानगी कोणाकडे मागावी आणि सोबत काय न्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना भटक्या यांचे उत्तर :

आपल्या बेतातील काठावरचा तंबू आणि चूल या दोन्ही गोष्टी आधीच वगळाव्या लागतील. दाजीपूर हा राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेले हे जंगल १९८५ मध्ये वाढवून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे करण्यात आले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. जंगलाला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडून जाणे हाही याच कायद्याने गुन्हा आहे. डिसेंबरात गवत वाळलेले असते, त्यामुळे ‘आम्ही नीट विझवू’ या आश्वासनाला तेथे काही अर्थ उरत नाही.

काठाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याला जी जागा निवांत वाटते, तीच जनावरांची पाण्यावर उतरण्याची वाट असते. गवा सहसा अंगावर धावून येत नाही, परंतु वाट अडली की तो आडवा उभा राहून आपला सगळा पसारा दाखवतो आणि फुसकारतो. तेव्हा मागे सरकायला जागा हवी, आणि तंबूत झोपलेल्या माणसाला ती नसते.

म्हणून मुक्काम वन विभागाच्या विश्रामगृहात करावा, किंवा हद्दीबाहेरच्या खासगी शेतात मालकाला विचारून तंबू ठोकावेत. शेताचा गट क्रमांक सांगून वनपरिक्षेत्र कार्यालयात खात्री करून घ्यावी, कारण हद्द जमिनीवर रेघ मारून दाखवलेली नसते. जंगलात दिवसाच, परवाना आणि वाटाड्या घेऊन जावे.

सडाप्रेमी यांचे उत्तर :

वरील उत्तराशी मी सहमत आहे. शेतातल्या मुक्कामाचा माझा अनुभव येथे उपयोगी पडेल, असे वाटते. चार वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही फोंडा घाटाच्या अलीकडे ओळखीच्या एका शेतात उतरलो होतो. बांधाजवळ आखूड गवताची, झाडून ठेवल्यासारखी सपाट जागा दिसली आणि आम्ही आनंदाने तेथेच तंबू ठोकला. ती गुरे बसण्याची जागा होती, हे सकाळी पायांवर आणि कमरेला चिकटलेल्या गोचिडींनी कळवले. सर्वांत लहान गोचीड तिळाएवढीसुद्धा नव्हती. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती आणि तो रोग गोचिडींमार्फतच पसरतो, त्यामुळे ही बाब मी थट्टेवारी नेत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे टोक मोज्यात खोचावे आणि झोपण्यापूर्वी मुलांचे केस, काखा व गुडघ्यामागची जागा बॅटरीने तपासावी.

दुसरी चूक थंडीची. गारठा नको म्हणून आम्ही तंबूच्या सगळ्या झडपा लावून घेतल्या. बाहेर दव आणि आत चौघांचे श्वास, यामुळे पहाटे छताच्या आतल्या बाजूने थेंब ओघळू लागले आणि पांघरुणे भिजली. दोन्ही टोकांच्या झडपा वितभर उघड्या ठेवाव्यात आणि अंगाखाली जाड सतरंजी घालावी, कारण थंडी वरून लागते त्याहून अधिक जमिनीतून लागते. शिवाय आपल्याकडच्या जांभ्या दगडात तंबूची खुंटी शिरतच नाही. मोठे दगड आणि जास्तीची दोरी यांवरच सगळे भागवावे लागते.

करवीरवासी :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. याऐवजी चांदोलीच्या बाजूला तंबूची मोकळीक असेल का?

जुना भटक्या :

मुळीच नाही, उलट तेथे नियम अधिक कडक आहेत. चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ते येते. मुले बरोबर असताना दाजीपूरच सोयीचे. कोल्हापूरहून अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे, तेव्हा सकाळी लवकर निघावे आणि तंबू उजेडातच उभे करावेत, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवण घरून न्यावे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग दोन दिवस सहज टिकतात. उरलेले अन्न तंबूत न ठेवता डब्यात बंद करून गाडीत ठेवावे, नाहीतर रात्री वासावर अस्वल नाही तरी गावातली कुत्री नक्की येतील.

करवीरवासी :

राधानगरीतील एका परिचित शेतकऱ्यांशी बोलणे झाले असून ते गट क्रमांक पाठवणार आहेत. मटणाचा बेत मंडळींनी नाराजीने का होईना, रद्द केला आहे. येत्या शनिवारी रात्री गच्चीवर दोन्ही तंबू खुंट्यांशिवाय, केवळ विटा आणि दोरीच्या आधाराने उभे करून मुलांना त्यांत झोपवून पाहणार आहोत.