शिबारीची खासगी शिकवणी: शिक्षक कसा पारखावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी आणि नवरा टोकियोत राहतो. दोघांनाही शिबारी, जपानी पद्धतीची दोरबांधणी, नीट शिकायची आहे. चारचौघांत बांधून घ्यायला मला संकोच वाटतो, म्हणून खासगी शिकवणी हवी. जपानीत आमचं कामापुरतं भागतं, पण दुखतंय की मुंग्या येतायत हे ऐनवेळी नेमकं सांगता येईल का, याची धास्ती वाटते.

व्हिडिओ बघून सुरुवात करायची नाही, हे ठरलंय. हात पाठीमागे घेऊन दंडावरून दोर फिरवतात त्या ताकाते-कोते बांधणीत दंडाच्या बाहेरच्या बाजूची रेडियल नर्व्ह (हाताची एक चेतातंतूंची नस) दाबली जाऊ शकते. मग मनगट वर उचलता येत नाही, आणि ते बरं व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यामुळे दोराने बांधून अधांतरी टांगणं तूर्त नकोच. जमिनीवरच्या साध्या बांधण्या आणि दोराचा ताण ओळखणं, एवढंच शिकायचंय. तागाचा ६ मिमी जाडीचा दोर आणि बोथट टोकाची कात्री आणून ठेवली आहे.

जे असे शिकले आहेत त्यांना विचारते: पहिल्या भेटीत शिक्षकाला काय काय विचारलंत? बांधायचं नवऱ्यानेच, शिक्षकाने मला हात न लावता सांगायचं, ही अट चालते का? दोर तेल लावून मऊ करतात, ते आधीच करून न्यावं का? कुणी शिक्षिका माहीत असतील तर फारच बरं. उघड लिहायचं नसेल तर मला खासगीत कळवा.