मदत हवी आहे: राखणीच्या कुत्र्याला रोज किती पळवायचं?

पोफळीवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्या. राखणीच्या कुत्र्याला धडधाकट राहायला रोज किती व्यायाम लागतो? किलोमीटरमध्ये सांगा. नेटवर कुणी वीस मिनिटं म्हणतो, कुणी चार तास. आमचा रोज भरपूर पळतो, तरी संध्याकाळ झाली की कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) ठिबकच्या नळ्या चावून ठेवतो. सुपारीच्या रोपांना पाणी मिळेनासं झालंय. गडी वैतागलाय. बायको म्हणते, एकतर हा राहील नाहीतर मी. घाई आहे.

म्हापशेकर
जात? वय? वजन? किती वाजता पळवता, कशावर पळवता? काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र सरळ पाहिजे.

पोफळीवाला
बेल्जियन मॅलिनॉइस. खेती, म्हणजे माकडं, आणि रानडुकरं यांना हाकलायला आणलाय. पळवायचं कसं, याचा प्रश्नच नाही, त्याची सवय लागलीये. फक्त किती ते सांगा.

बुलेटराजा
आठ-दहा किलोमीटर डोळे झाकून. माझा जर्मन शेफर्ड बुलेटमागे पर्वरीपर्यंत यायचा, एकदम फिट. ही जात सैन्यात असते भाऊ, तिला लाडावू नका.

शुभांगी_फोंडा
थांबा जरा. पोफळीवाले, वय सांगा आधी.

पोफळीवाला
अजून लहान आहे, पण अंगाने पूर्ण वाढलेला दिसतो.

शुभांगी_फोंडा
लहान म्हणजे किती हो?

पोफळीवाला
नऊ महिने. सकाळी स्कूटरला पट्टा बांधून नेतो, रस्ता चांगला डांबरी आहे. साडेनऊला निघतो, कारण त्याआधी दूध आणि भाटातली (बागायतीतली) कामं यांतून सुटका नसते.

शुभांगी_फोंडा
नऊ महिने, डांबर, स्कूटर आणि साडेनऊ वाजता. चारही गोष्टी बंद करा.
कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकांशी कोवळ्या वाढीच्या पट्ट्या असतात. मध्यम-मोठ्या जातींत त्या साधारण बारा ते अठरा महिन्यांत भरतात. तोवर एकाच चालीने कडक रस्त्यावर लांब पळवलं की नेमका तिथेच मार बसतो. कुत्रा हवा तेव्हा धावला, थांबला, लोळला तर एवढा धोका नसतो. स्कूटरमागे थांबायचं कधी हे तो ठरवत नाही, तुमचा ॲक्सिलरेटर ठरवतो.

बुलेटराजा
पुस्तकी गोष्टी. माझ्याला काही झालं नाही.

म्हापशेकर
तुमच्याला झालं नाही याचा अर्थ सगळ्यांना होत नाही असा होत नाही. आणि तुमचा किती वर्षं जगला?

बुलेटराजा
ते महत्त्वाचं नाही.

पथकातला_माणूस
श्वानपथकात बरीच वर्षं काढली, नाव-गाव नको. लोकांना वाटतं आम्ही कुत्र्यांना दिवसभर पळवतो. उजाडायच्या आत फेरफटका, मग अंग विंचरणं, कान-पंजे बघणं, मग आज्ञापालन. वासाचं काम दहा-पंधरा मिनिटं, मग सावलीत विश्रांती, मग पुन्हा. दुपारी नुसता आराम. मॅलिनॉइसला नुसतं पळवलं तर तो आणखी दमदार होतो आणि नळ्या आणखी जोरात चावतो. डोकं दमवा. गोणपाटाचा तुकडा त्याला हुंगायला द्या, मग पोफळींच्या आळ्यात लपवा आणि शोधायला सोडा. सापडला की दोरीने ओढाताण खेळा, तेच त्याचं बक्षीस. आठवडाभरात फरक दिसेल.
मोठ्या मॅलिनॉइसला दिवसाला दीड-दोन तास लागतात, पण त्यात डोक्याचं कामही धरायचं. नऊ महिन्यांच्याला त्याहून बरंच कमी, तेही तुकड्या-तुकड्यांत.

कुंडईचो_भाटकार
बांगडे द्या. माझे गावठी कुत्रे शिजवलेल्या बांगड्यावर आणि उकड्या भातावर तुमच्या विलायती जातींना मागे टाकतील. व्यायाम-बियाम शहरातली थेरं. आमची कुत्री कुळागरात जन्मतात आणि कुळागरातच फिरतात.

म्हापशेकर
प्रश्न खाण्याचा नाहीये, बाब.

कुंडईचो_भाटकार
मीही तेच म्हणतो, खाणंच बरोबर नसेल तर पळवून काय उपयोग? काटे मात्र काढा, उकळून सुटले तरी.

नाक_मुठीत
उन्हाचं कुणीच बोलत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांतून थोडासा, बाकी सगळी भिस्त धापेवर. धाप लागून जिभेवरचं पाणी उडालं की अंग थंड होतं. आपल्याकडची हवा इतकी दमट की ते पाणी उडतच नाही. म्हणून पारा ३३ दाखवत असला तरी कोरड्या हवेतल्या जास्त गरमीपेक्षा इथे कुत्रा लवकर तापतो. कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ४१ च्या पुढे गेलं की जीवावरचं. तसं झालं तर आधी तिथल्या तिथे साधं पाणी घालून वारा द्या, मग गाडीत घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आत वाफ कोंडते.
डांबराचं सांगतो, हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवा. टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत.

पोफळीवाला
म्हणजे मे महिन्यात काय करायचं, कुत्र्याला एसीत ठेवू?

नाक_मुठीत
पहाटे साडेपाचला निघा. पाटाच्या पाण्यात बसू द्या, पंजे थंड होतात. दिवस चढला की पोफळींच्या सावलीत.

बागलकोटवरून_आलेला
तुम्हाला हा कुत्रा कुणी घ्यायला लावला? मुधोळ घ्यायला हवा होता. आमच्याकडचा, ऊन सोसणारा, घोरपडे राजांनी जोपासलेला. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यातही होता, २०१६ मध्ये सैन्याने प्रशिक्षणाला मेरठला नेला. घरी शांत पडून राहतो, संध्याकाळी एकदाच जीव तोडून धावतो आणि झालं.

पथकातला_माणूस
मुधोळ उत्तम, पण तो नजरेने पाठलाग करणारा. कुळागरात दहा पावलांवर झाड, समोर दिसायला काय? राखणीला त्याचं काय काम.

बागलकोटवरून_आलेला
साहेब, आमच्या शेतात येऊन बघा मग बोला.

वकील_साखळी
कुणीच विचारलं नाही म्हणून सांगतो. रानडुकरांच्या मागे कुत्रा सोडायचा विचार असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा. शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करवणं आणि हाका घालून हुसकावणंही येतं. भुंकून राखण करणं वेगळं, मागे लागून धरणं वेगळं. शिवाय बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री कुत्रं उघड्यावर ठेवलं तर सकाळी नुसती साखळी मिळते.

सत्तरीची_सून
आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो, म्हणून खेतींवरून आठवलं. २०१५ मध्ये आमच्या तालुक्यात माकडताप आला होता, तो गोचिडांमुळे होतो. कुळागरात माकडं, गोचीड आणि कुत्रा एकत्र आले की कुत्रा अंगावर गोचीड घेऊन घरात येतो. फिरवून आणल्यावर कानाच्या आत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात हात घालून बघायचं. चिमट्याने कातडीला चिकटून धरून सरळ ओढायचं, रॉकेल-बिकेल ओतायचं नाही. औषधाची गोळी महिन्याच्या महिन्याला, पावसाळ्यात चुकवायची नाही. हेही व्यायामाइतकंच धडधाकटपणाचं आहे.

शुभांगी_फोंडा
अगदी बरोबर. गोचिडांमुळे रक्तातले आजार होतात, मग कुत्रा दमतो, आणि मालक म्हणतो आळशी झालाय, अजून पळवा.
पोफळीवाले, एक विचारायचं राहिलं. पाय-बिय ओढतो का?

पोफळीवाला
उजवा पुढचा पाय सकाळी उठल्यावर जरा टेकत नाही. पण चार पावलं टाकली की मोकळा होतो, म्हणून सांगितलं नाही.

शुभांगी_फोंडा
चार पावलांनी मोकळा होतो म्हणजेच सांध्यात काहीतरी आहे. या वयात, या जातीत, कोपर आणि खांदा दोन्हीचे एक्स-रे व्हायला हवेत. आजपासून धावणं बंद, पट्टा लावून हळू चालवा, बाकी डॉक्टर सांगतील तसं.

बुलेटराजा
घाबरवू नका त्याला, वाढीचं दुखणं असतं.

शुभांगी_फोंडा
असेल. मग एक्स-रेमध्ये काही दिसणार नाही आणि तुमचं म्हणणं खरं ठरेल. काढायला हरकत काय?

गड्याचा_मित्र
नळ्यांचं कुणी विचारलंच नाही. नेमकं कधी चावतो?

पोफळीवाला
संध्याकाळी पंप लावतो तेव्हा. पंप लागला की लगेच.

गड्याचा_मित्र
मग सरळ आहे. पंप लावला की नळ्यांत साचलेली हवा ड्रिपरमधून (जिथून पाणी ठिबकतं तिथून) फुसफुसत बाहेर पडते, नळी थोडी हलते, टोकाला थेंब फुटतो. पाचोळ्याखाली फुस्स झालं की त्याला उंदीरच वाटणार. दमला नाही म्हणून नाही, आवाजामुळे चावतो. माझ्या कुत्र्याने असंच लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, फाडलं होतं. पंपाच्या वेळी आत घ्या, हाड चघळायला द्या आणि नळ्या पाण्याने भरेपर्यंत थांबा.

पथकातला_माणूस
नाहीतर त्याच वेळी वासाचं काम लावा. शोधायला दिलेल्या गोष्टीपुढे नळी त्याला आठवणार नाही.

पोफळीवाला
आज पंपाच्या वेळी पडवीत बांधून ठेवला. भुंकला भरपूर, पण नळी शाबूत. उद्या डॉक्टरांकडे नेतो, फोंड्याला मिळतील म्हणतात. स्कूटर तूर्त बंद. जेवण झाल्यावर किती वेळाने चालवायचं तेवढं सांगा, सकाळी भाकरी घालून लगेच काढतो.

शुभांगी_फोंडा
आधी चाल, मग जेवण. जेवल्यानंतर निदान दीड-दोन तास उड्या आणि धावणं नको. छाती खोल असलेल्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो, तेव्हा ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं. एक्स-रेचा फोटो काढता आला तर इथे टाका.

कुंडईचो_भाटकार
भाकरी? नाचणीची असेल तर ठीक. बांगड्याचा विचार करा.

बागलकोटवरून_आलेला
ज्यांना मुधोळचं पिल्लू हवं त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवा, लसीसह देतो.

म्हापशेकर
विक्रीसाठी वेगळा धागा आहे. तिथे टाका.