मदत हवी आहे: समुद्रकाठच्या गावाच्या टाउन कौन्सिलने कोरोनानंतर आधी काय करावं?

समुद्रकाठची (नोव्हेंबर २०२१)

नमस्कार मंडळी, जरा वेगळाच प्रश्न आहे, चुकीच्या विभागात टाकला असेल तर हलवा.

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका छोट्या गावात राहते. नाव सांगत नाही, गाव एवढंसं आहे की दोन ओळीत लोक मला ओळखतील. या उन्हाळ्यात इथल्या टाउन कौन्सिलमधली (गावपातळीवरची सगळ्यात छोटी कौन्सिल) एक जागा रिकामी झाली, निवडणूक मागायला कोणी पुढे आलं नाही, मग मला को-ऑप्ट केलं, म्हणजे निवडणुकीशिवाय कौन्सिलनेच घेतलं. (हो, भारतीय पासपोर्टवर चालतं, कॉमनवेल्थ नागरिक आणि इथे कायमचं राहायची परवानगी असली की झालं. पगार शून्य.) त्याआधी अशा कौन्सिलबद्दल माझं ज्ञान म्हणजे हँडफर्थ पॅरिश कौन्सिलचा तो झूमवरच्या भांडणाचा व्हिडिओ, फेब्रुवारीत सगळ्यांनी बघितला तोच. आमच्याकडे भांडणं तेवढी रंगत नाहीत, पण विषय तेच.

तर कोरोनातून गाव सावरण्यासाठी एक छोटा गट केलाय आणि डिसेंबरच्या मीटिंगआधी प्रत्येकाने आपल्या मते पहिली तीन कामं लिहून द्यायचीत. जानेवारीत प्रीसेप्ट ठरतो, म्हणजे लोकांच्या काउन्सिल टॅक्सच्या (घरपट्टीच्या) बिलातला आमचा चिमूटभर हिस्सा, त्यामुळे उशीर चालणार नाही.

समोर आलेल्या मागण्या अशा आहेत की सीफ्रंटला नवीन दिवे लावा, दुकानदारांना काहीतरी मदत द्या, पार्किंग वाढवा, मुलांसाठी संध्याकाळी बसायला जागा करा, बस परत सुरू करा, हॉलिडे लेटवाल्यांना (सुट्टीपुरती घरं भाड्याने देणाऱ्यांना) आवरा, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) अपॉइंटमेंट मिळत नाही त्याचं काहीतरी करा, आणि टॉयलेट. टॉयलेटबद्दल सगळ्यात जास्त पत्रं आलीत आणि मीटिंगमध्ये सगळ्यात कमी वेळ त्यावरच दिला जातो. सीफ्रंटवरचं एकमेव टॉयलेट ऑक्टोबरला कुलूप लावून बंद होतं ते थेट ईस्टरला उघडतं. एका आजींनी लिहिलंय की लॉकडाऊनमध्ये डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आता हिवाळ्यात त्या बाकापर्यंत जाऊन परत फिरतात, पुढे जायची हिंमत होत नाही.

दुसरं म्हणजे खेकडेवाले. मार्च २०२० मध्ये रेस्टॉरंटं बंद झाली, युरोपला जाणारा माल थांबला, तेव्हा दोन-तीन बोटवाल्यांनी धक्क्यावर टेबल टाकून थेट विकायला सुरुवात केली. गावाने पण उचलून धरलं. ते अजून चालू आहे. त्यांची मागणी फक्त एक पाण्याचा नळ आणि एक विजेचा पॉइंट, बाकी काही नाही.

गाव उन्हाळ्यात तुडुंब असतं, नोव्हेंबरात अर्ध्या खिडक्या अंधारात. फर्लो (काम थांबलेल्यांचा बराचसा पगार सरकारने द्यायची योजना) सप्टेंबरअखेर संपला, त्यानंतर हॉटेलांतल्या काही जणांचे तास कमी झालेत. तुम्ही माझ्या जागी असता तर कोणती तीन लिहिली असती आणि का? इथे कोणी लोकल गव्हर्नमेंटमध्ये काम केलं असेल तर प्लीज सांगा.

---

खडूस_काका

ताई, अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही. बरीच वर्षं एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलमध्ये काढलीत म्हणून लिहितो.

तुझ्या यादीतली निम्मी कामं तुमची नाहीतच. बस आणि रस्ते काउंटीकडे (सगळ्यात वरची कौन्सिल), प्लॅनिंग, कचरा आणि बहुतेक पार्किंग डिस्ट्रिक्टकडे (मधली कौन्सिल), जीपी एनएचएसकडे (सरकारी आरोग्यसेवा). टाउन कौन्सिल म्हणजे बाकं, बागा, बस शेल्टर, हॉल, अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे), टॉयलेट. लोकांना हा फरक माहीत नसतो आणि माहीत असायची गरज पण नाही, पण तुला असायला हवा, नाहीतर तीनपैकी दोन ओळी "आम्ही अमक्याला पत्र लिहू" यातच जातील.

आणि पैसा दोन प्रकारचा असतो हे एकदा डोक्यात पक्कं बसव. एक बांधायचा, एक चालवायचा. सरकार जे मोठे आकडे सांगतं, टाउन्स फंड ३६० कोटी पौंड, लेव्हलिंग अप फंड ४८० कोटी, ते जवळपास सगळं बांधकामाचं. त्यातून दिवे येतील, त्या दिव्यांचं बिल आणि बदलायचा माणूस तुमच्या प्रीसेप्टमधून. वेलकम बॅक फंड म्हणून ५.६ कोटी वाटलेत, तो वेगळा, पण मार्च २०२२ पर्यंत संपवायचा आणि तो पण डिस्ट्रिक्टच्या हातात. म्हणून फलक, स्टिकर आणि कुंड्या जास्त दिसतात.

टॉयलेटसाठी एक खास गोष्ट सांगतो. याच वर्षी एप्रिलमध्ये कायदा झालाय, स्वतंत्र उभ्या असलेल्या सार्वजनिक टॉयलेटला बिझनेस रेट्स (व्यवसायाच्या जागांवरचा कर) पूर्ण माफ, आणि तो १ एप्रिल २०२० पासून मागे जाऊन लागू आहे. तुमचं टॉयलेट कॅफेला किंवा ऑफिसला जोडलेलं नसेल तर आत्तापर्यंत भरलेले रेट्स परत मिळाले का हे क्लार्कला (कौन्सिलचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचार. तेवढ्यातच हिवाळ्यातल्या साफसफाईचा थोडा भाग सुटेल.

---

अनघा_डॉक

मी एका सीसाइड गावातल्या हॉस्पिटलमध्ये आहे. काकांचं बरोबर आहे की जीपी कौन्सिलच्या हातात नाही, पण तो मुद्दा यादीतून अगदी काढून नको टाकूस.

जुलैमध्ये क्रिस व्हिटी यांचा इंग्लंडचे चीफ मेडिकल ऑफिसर (सरकारचे मुख्य वैद्यकीय सल्लागार) म्हणून वार्षिक रिपोर्ट आला तो पूर्ण किनाऱ्यावरच्या गावांवरच आहे. समुद्रकाठी म्हातारी माणसं जास्त, आजार जास्त आणि डॉक्टर, नर्स लोकसंख्येच्या मानाने कमी, कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) तर साधारण १५ टक्के कमी. आमच्याकडे नवीन माणूस नोकरी घेतो, मग जागा शोधायला लागतो आणि तिथेच अडतो. एका नर्सला ऑक्टोबर ते मे भाड्याने घर मिळालं होतं, जूनमध्ये खाली कर म्हणाले कारण उन्हाळ्यात तेच घर आठवड्याच्या हिशोबाने जातं. ती गेली, आता शहरात आहे. म्हणजे तुमची हॉलिडे लेटची तक्रार आणि जीपीची तक्रार एकच आहे.

---

बाबू_टेक

सगळे पर्यटकांवरच का घसरतायत कळत नाही. गाव जगतंय कशावर? ऑगस्ट २०२० मध्ये सोमवार ते बुधवार अर्ध्या बिलाची स्कीम होती तेव्हा लोक आले म्हणूनच कॅफे वाचले ना. दिवे लावले, सीफ्रंट चांगला दिसला तर ऑक्टोबरातही वीकेंडला लोक येतील, सीझन लांबेल. मी तरी दिवे पहिल्या नंबरवर टाकीन.

---

समुद्रकाठची

बाबू, पर्यटक नकोत असं कोणीच म्हणत नाहीये रे. पण दिवे बघायला आलेला माणूस दोन तासांनी टॉयलेट शोधतो आणि ते बंद असतं :) जून २०२० ला बोर्नमथच्या बीचवर एवढी गर्दी झाली की मेजर इन्सिडंट (आणीबाणीची स्थिती) जाहीर करावा लागला, आठवतंय? तिथे दिव्यांची कमतरता नव्हती.

काका, टॉयलेट एकटंच उभं आहे, क्लार्कला उद्याच विचारते. अनघा, हे दोन विषय एकच आहेत हे डोक्यात आलंच नव्हतं. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज गावासारखं काही करता येईल का? २०१६ ला तिथे सार्वमत घेऊन ठरवलं ना की नवीन बांधलेली घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच.

---

खडूस_काका

येईल, पण त्याला नेबरहूड प्लॅन (गावाने स्वतः केलेला बांधकामाचा आराखडा) लागतो आणि त्यात वर्षं जातात. शिवाय तो नियम नवीन घरांना, जुन्यांना नाही, त्यामुळे सेकंड होमवाले जुनी घरं घेतात. मला तो उपाय अर्धवट वाटतो, वाईट नाही.

खरी गोची वेगळीच आहे. आत्ताच्या म्हणजे २०२१ च्या नियमाने घर वर्षात १४० दिवस भाड्याने उपलब्ध आहे असं दाखवलं की ते काउन्सिल टॅक्समधून निघून बिझनेस रेट्समध्ये जातं, आणि रेटेबल व्हॅल्यू (करासाठी धरलेलं वार्षिक भाडं) १२,००० पौंडांच्या आत असेल आणि मालकाची ती एकच मिळकत असेल तर सवलतीमुळे शून्य भरायचं. प्रत्यक्षात किती दिवस दिलं हे कोणी विचारत नाही. हे तुम्ही बदलू शकत नाही, पण आपल्या गावात अशी किती घरं आहेत हे मोजून खासदाराला पाठवू शकता. मोजदाद फुकट असते.

---

समुद्रकाठची

ओके. मग माझा कच्चा मसुदा असा: १) टॉयलेट वर्षभर उघडं, प्रीसेप्टमधून, २) धक्क्यावर नळ आणि विजेचा पॉइंट, त्यासाठी हार्बरवाल्यांची परवानगी काढायची, ३) हॉलिडे लेटची मोजदाद आणि त्याला जोडून हॉस्पिटल-जीपीच्या लोकांना बारमाही घरं देणाऱ्या मालकांची यादी.

मुलांची जागा राहिली याचं वाईट वाटतंय. हॉल संध्याकाळी रिकामा असतो पण उघडून बसायला माणूस हवा, आणि तो परत चालवायच्या पैशातला खर्च. अजून एक, धक्क्याच्या कामाला पैसे कुठल्या अधिकाराने द्यायचे? क्लार्क म्हणतात सेक्शन १३७ खाली (ज्या खर्चाला दुसरा अधिकार नाही त्यासाठीचं कलम) मर्यादा आहे.

---

खडूस_काका

आहे, यंदा (२०२१-२२) मतदारामागे ८.४१ पौंड. पण दोन-तृतीयांश मेंबर निवडून आलेले असतील आणि क्लार्क क्वालिफाइड असेल तर जनरल पॉवर ऑफ कॉम्पिटन्स (कायद्याने मनाई नसलेलं काहीही करायचा अधिकार) घेता येते, मग १३७ ची कटकट नाही. मात्र तू को-ऑप्टेड, म्हणजे निवडून आलेल्यांत तुझी गणती नाही. मतदान न होता बिनविरोध आलेले निवडून आलेलेच धरतात. तुमच्यात असे किती जण आहेत ते मोजून सांग, मग बघू.