वॅफने खऱ्या गिऱ्हाइकालाच अडवलं तर मेल यावा, कसं बसवायचं?

बेदाणा_सर्व्हर (सांगली)

हळद-बेदाण्याच्या घाऊक ऑर्डरी घेणारी साइट आहे. एनजिनएक्स (वेब सर्व्हर), मॉडसिक्युरिटी 3 (हाच वॅफ, साइटवर येणारी प्रत्येक विनंती तपासून संशयास्पद ती अडवणारा), ओवास्पचा कोअर रूल सेट 3.3 (त्याचे तयार नियम, म्हणजे सीआरएस), पॅरानॉइया लेव्हल 2 (नियमांच्या कडकपणाची पातळी). मराठीत फॉर्म भरला की काहींना 403 (प्रवेश नाकारला) येतो, सगळ्यांना नाही. व्यापारी तक्रार करत बसत नाही, तो फोन उचलून यार्डातल्या दुसऱ्या दुकानाला ऑर्डर देतो. म्हणून अशी चुकीची अडवणूक झाली की लगेच मेल हवा.

सध्या एरर लॉगमध्ये ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसलं की मेल सुटतो. त्यात नव्वद टक्के स्कॅनरचा (साइटमधली भोकं शोधणाऱ्या प्रोग्रामांचा) कचरा, त्यामुळे आता कोणी मेल उघडतच नाही. फक्त फॉल्स पॉझिटिव्हचा (खऱ्या गिऱ्हाइकाच्या चुकीच्या अडवणुकीचा) मेल कसा काढायचा? आणि होस्टिंगवाल्याने मेल पाठवायचा 25 नंबरचा पोर्ट बंद ठेवलाय, तर मेल पाठवायचा कशाने?

कृष्णाकाठ

फक्त फॉल्स पॉझिटिव्ह कोणतं हे वॅफला कळत नाही. कळलं असतं तर त्याने अडवलंच नसतं. आपण एवढंच करू शकतो की ‘ही अडवणूक गिऱ्हाइकाची दिसते’ असा वास येणाऱ्या नोंदी वेगळ्या काढायच्या.

आधी एरर लॉग सोडा, ऑडिट लॉगवर (वॅफची सविस्तर नोंदवही) या. ऑडिट इंजिन ‘रेलेव्हंट ओन्ली’, फॉरमॅट जेसन, प्रकार सीरियल. म्हणजे एका विनंतीची एक ओळ, जेक्यूने (जेसन वाचणारा प्रोग्राम) सरळ वाचता येते. त्यातल्या ज्या विनंतीच्या मेसेजेसमध्ये 949110 आहे तेवढ्याच घ्या. प्रत्येक जुळलेला नियम विनंतीला गुण देतो, आणि हा नियम म्हणजे त्या गुणांची बेरीज उंबरठ्याला (मुळात 5) पोहोचल्याची खूण. 403 कोडवर गाळू नका. ॲपने स्वतः दिलेले 403 त्यात मिसळतात, आणि कधी डिटेक्शन ओन्ली मोडवर (नुसती नोंद, अडवणं नाही) गेलात तर उत्तर 200 जातं आणि तुमचा गाळणा रिकामा राहतो.

मग त्याच ओळीतले बाकीचे नियम पाहा. 949110 आणि 980130 वगळून, कारण ते नुसते हिशेबनीस. प्रत्येकाच्या डेटा भागात ‘फाउंड विदिन आर्ग्स’ पुढे फील्डचं नाव असतं. नियम क्रमांक, यूआरएल आणि फील्ड या तिघांची जोडी करून मोजा. स्कॅनर शंभर यूआरएलवर शंभर नियम उडवतो, एकाच आयपीवरून. गिऱ्हाईक उलटं वागतं: तोच नियम, तोच फॉर्म, तेच फील्ड, आणि माणसं वेगवेगळी. तासाभरात एका जोडीवर 3 वेगळी गिऱ्हाइकं आली की मेल. एकदा मेल गेला की त्या जोडीला 6 तास गप्प बसवायचं.

क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) दर 15 मिनिटांनी. कुठपर्यंत वाचलं तो बाइट फाइलमध्ये जपून ठेवा. लॉगरोटेटला (जुना लॉग बाजूला काढणारा) ‘कॉपीट्रंकेट’ (प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) लावा आणि स्क्रिप्टमध्ये एक अट घाला: जपलेला आकडा फाइलच्या आकारापेक्षा मोठा निघाला तर शून्यापासून वाच. ही अट विसरली की रोटेशननंतर स्क्रिप्ट शांत बसते, आणि ती शांतता आपल्याला ‘सगळं ठीक’ वाटते. त्यासाठीच रोज सकाळी 9 ला एक गोषवारा पाठवा, शून्य असलं तरी. तो आला नाही तर क्रॉन मेलाय.

मेलसाठी एमएसएमटीपी (मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम), पोर्ट 587, स्टार्टटीएलएस (कूटबद्ध जोडणी). जीमेलचं खातं असेल तर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. सेटिंगच्या फाइलला परवानगी 600. क्रॉनमध्ये पाथ (प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो, म्हणून जेक्यू आणि एमएसएमटीपी दोन्हींचा पूर्ण पत्ता लिहा. विषयाची ओळ मराठीत ठेवायची तर बेस64 करून यूटीएफ-8 चं लेबल लावा, नाहीतर काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील.

मायणी_नोड (सातारा)

कृष्णाकाठ दादांचं बाकी सगळं पटलं, ‘3 वेगळी गिऱ्हाइकं’ आयपीवरून मोजू नका एवढंच. मोबाइल नेटवर सीजीनॅट असतो, एका आयपीच्या आड शेकडो फोन. तालुक्यातली पाच गिऱ्हाइकं एकच दिसतील. उलट आयपीव्ही6 वर एकाच फोनचे पत्ते बदलत राहतात, तिथे पहिले 64 बिट धरायचे. लॉगिन असलेल्या फॉर्मवर सेशन कुकी (ब्राउझर पाठवतो ती लॉगिनची खूण) मोजा. ती कोणीही बनावट टाकू शकतो, म्हणून स्क्रिप्टने ती सेशनच्या टेबलमध्ये खरोखर आहे का ते तपासावं. चालू सेशन आणि 949110 एकत्र दिसले तर मी 3 ची वाटही पाहणार नाही, एकावरच मेल. चोरलेल्या खात्यावरून हल्ला होऊ शकतो, पण तोही मेल हवाच की.

मेलमध्ये कुकी, पासवर्ड, फोन नंबर अजिबात जाऊ देऊ नका. ऑडिट लॉगच्या बी भागात कुकी आणि सी भागात पूर्ण बॉडी असते. कुकीचा हॅश (मूळ उलगडता न येणारा ठसा) करा, जुळलेला मजकूर 80 अक्षरांवर कापा, नवीन ओळीची चिन्हं काढा, साधा टेक्स्ट मेल पाठवा. हल्ल्याचा पूर्ण मजकूर मेलमध्ये चिकटवला तर मेल स्पॅममध्ये पडतो, आणि परत तुम्ही आंधळे.

आणि 403 च्या पानावर गिऱ्हाइकाला एक नंबर द्या. मॉडसिक्युरिटी एनजिनएक्सला जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये ‘मॉडसिक्युरिटी ट्रान्झॅक्शन आयडी’ला एनजिनएक्सचा ‘रिक्वेस्ट आयडी’ जोडा. तोच नंबर पानावर एसएसआयने (सर्व्हरने पान देताना त्यात मजकूर भरणं) छापा, तोच ऑडिट लॉगमध्ये असतो. हेडरमधून द्यायचा असेल तर ॲड हेडरच्या शेवटी ‘ऑलवेज’ लागतं, नाहीतर 403 वर हेडर जातच नाही. व्हॉट्सॲपवर फोटो आला की नंबर शोधला, नियम मिळाला.

हळकुंड

मेलचं झालं, पण आजारच सापडतोय इथे. लेव्हल 2, मराठी फॉर्म, काहींनाच 403 म्हणजे बहुतेक 942430.

हा नियम एका फील्डमध्ये 12 विशेष चिन्हं मोजतो. टिंब आणि तिरपी रेघ मोजत नाही, त्यामुळे ‘मु.पो.’ आणि ‘7/12’ सुटतात. पण कोलन आणि डॅश मोजतो. आपल्याकडे पत्ता कसा लिहितात बघा: नाव:- मु.पो.:- ता.:- जि.:- पिन:- मोबा.:- झाले की बारा! एवढ्याने 3 गुण होतात, उंबरठा 5, म्हणून जाऊ देतो. पण बिलाचा पत्ता आणि माल पोहोचवायचा पत्ता दोन्हीकडे तोच मजकूर चिकटवला की 6. दोन पत्ते भरणाराच अडकतो, एक भरणारा सुटतो. म्हणून ‘काहींनाच’.

आणखी एक गंमत. सीआरएस 3 च्या मालिकेत त्या चिन्हांच्या यादीत वळणदार अवतरणचिन्हंही आहेत, आणि तुलना अक्षरांची नाही, बाइटची होते. उजव्या अवतरणचिन्हाचा मधला बाइट 80, आणि आपल्या दीर्घ ईच्या मात्रेचा शेवटचा बाइटही 80. म्हणजे ‘सांगली’तली ली सुद्धा एक विशेष चिन्ह म्हणून धरली जाते! ‘घ’चंही तेच, त्याचा शेवटचा बाइट 98. चार ओळी सरळ मराठी लिहिली, एकही कोलन नाही, तरी बारा भरतात.

लॉगमध्ये देवनागरी वाचता येत नाही, एक्सई0 एक्सए4 किंवा एक्सई0 एक्सए5 अशा जोड्या उलट्या तिरप्या रेघांसकट दिसतात. जुळलेल्या मजकुरात त्यांची रांग दिसली तर ती नोंद मेलच्या वरच्या टोकाला चढवा. पण यावरून सूट देऊ नका, हल्लेखोरालाही ‘क’ टाइप करता येतो.

बेदाणा_सर्व्हर (सांगली)

बारा चिन्हांचं कोडं सुटलं, बिल आणि पोहोच असे दोन पत्ते आहेतच फॉर्मवर. आता 949110 च बंद केला तर? सगळं त्याच्यावरच अडतंय म्हणून विचारतोय.

मायणी_नोड (सातारा)

नको राव! अडवण्याचं काम तोच करतो. तो काढला की आत येणारं काहीच अडत नाही, फक्त लॉग भरतो.

सीआरएसच्या 999 नंबरच्या ‘आफ्टर’ फाइलमध्ये (नियमांनंतर वाचली जाणारी) टार्गेट अपडेट बाय आयडीने 942430 मधून तेवढी दोन पत्त्यांची फील्ड वगळा. नियम तसाच राहतो, फील्ड सुटतात. एकाच यूआरएलपुरतं करायचं तर 900 नंबरच्या ‘बिफोर’ फाइलमध्ये (नियमांआधी वाचली जाणारी) स्वतःचा नियम लिहून त्यात सीटीएलने (त्या विनंतीपुरता बदल करणारी आज्ञा) टार्गेट काढा. स्वतःच्या नियमाचा क्रमांक 1 लाखाच्या आत. 942100 ला मात्र हात लावू नका, पत्त्याच्या फील्डवरही एसक्यूएल इंजेक्शन पकडणारा खरा पहारेकरी तो आहे. मग एनजिनएक्सची चाचणी आणि रीलोड.

कृष्णाकाठ

दुसरा मार्ग: पॅरानॉइया लेव्हल 1 करा आणि ‘एक्झिक्युटिंग पॅरानॉइया लेव्हल’ 2 ठेवा. दुसऱ्या लेव्हलचे नियम चालतात, लॉगमध्ये येतात, पण गुणांत धरले जात नाहीत. सीआरएस 4 मध्ये याच दोघांची नावं ‘ब्लॉकिंग’ आणि ‘डिटेक्शन’ लेव्हल अशी झालीत. फक्त एक ध्यानात ठेवा: अशा नोंदींत 949110 येणार नाही आणि उत्तर 200 असल्याने ‘रेलेव्हंट ओन्ली’त त्या येण्यासाठी नियमावर ऑडिट लॉग चालू असावा लागतो. त्यांचा तातडीचा मेल नको, सकाळच्या 9 च्या गोषवाऱ्यात वेगळ्या रकान्यात टाका. आठवडाभर त्या रकान्यात गिऱ्हाइकाची एकही जोडी आली नाही, तर पॅरानॉइया लेव्हल परत 2 करायला हरकत नाही.