टिफनीचे दिवे : पाटीवर नाव कोणाचे असावे?

शलाका : न्यूयॉर्क हिस्टॉरिकल या संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनात टिफनीचे, म्हणजे अमेरिकेतील टिफनी स्टुडिओजमध्ये रंगीत काचेचे तुकडे जोडून घडवलेले, सुमारे शंभर दिवे मांडलेले आहेत. त्यांतील विस्टेरियाच्या, म्हणजे लोंबत्या घोसांच्या फुलवेलीच्या, दिव्यासमोर मी बराच वेळ उभी होते. काचेचे जवळजवळ दोन हजार तुकडे. माथ्यावर फांद्यांसारखी ब्राँझची जाळी, आणि खालची कड सरळ न कापता घोसांप्रमाणे वरखाली सोडलेली. २००५ मध्ये तिथल्या स्त्रियांच्या काचकाम विभागाच्या प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल यांची घरच्यांना लिहिलेली पत्रे अभ्यासकांच्या हाती लागली, तेव्हा हा दिवा आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कांस्यपदक मिळवणारा चतुरांचा दिवा त्यांच्या कल्पनेतून उतरल्याचे उघड झाले. दिव्यांवर ठसा मात्र टिफनी स्टुडिओजचाच. संग्रहालयात दिव्याजवळ लावलेल्या पाटीवर पहिले नाव ड्रिस्कॉल यांचे हवे, असे माझे मत आहे.

भट्टीवाला : मी सहमत नाही. रंग काचेवर चढवायचा नाही, तो काचेतच असला पाहिजे, हा स्टुडिओचे मालक लुई टिफनी यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाशिवाय ड्रिस्कॉल यांचे चित्र कागदावरच राहिले असते. शिवाय श्रेयाचा हिशेब मांडायचाच, तर न्यूयॉर्कमधल्या कोरोना या भागातील टिफनीच्या काचभट्ट्या सांभाळणाऱ्या आर्थर नॅश यांना कसे वगळणार?

शलाका : नॅश यांचे उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूने बोलते, कारण त्यातून वगळलेल्या नावांत एकाची भरच पडते. स्त्रियांच्या बाबतीत तर हे वगळणे नियमातच होते : लग्न झाले की नोकरी संपत असे, आणि ड्रिस्कॉल यांनाही १९०९ मध्ये त्याच कारणाने जावे लागले.

डाखकाम : दोघेही रेखाटनापाशी अडकला आहात. मी हौसेने हे काम करतो, म्हणून सांगतो : तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून डाख देणे सरावाने जमते, अवघड असते ती निवड. काचेचा तक्ता खिडकीशी धरून त्यातला नेमका कोणता ढगाळ कोपरा पाकळीच्या टोकाला शोभेल हे ठरवावे लागते, आणि म्हणूनच एकाच आराखड्याचे दोन दिवे अगदी वेगळे दिसू शकतात. ही निवड ड्रिस्कॉल यांच्या हाताखालच्या मुली करीत, आणि त्यांतल्या बहुतेकींची नावे कोणत्याच पाटीवर नाहीत. एका नावाच्या जागी दुसरे लावून हा प्रश्न मिटत नाही. ‘स्त्रियांचा काचकाम विभाग’ असे स्पष्ट लिहावे.

भट्टीवाला : विभागाचे नाव लिहायला माझी हरकत नाही. टिफनीचे नाव मात्र वरच राहू द्यावे, कारण विस्टेरियाची काच कोणाच्या हट्टापायी तशी झाली, हेही पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

शलाका : वर राहू द्या, पण त्याच आकाराच्या अक्षरांत खाली ड्रिस्कॉल.