विषय: ढोलपथक – नऊवारीची मापं शुक्रवारपर्यंत!!

रश्मी (ढोल समिती), सोमवार रात्री ११:४०

मंडळी,

पुण्याहून शिंपीदादांचा परत निरोप आला. शिवलेल्या नऊवाऱ्या १४ सप्टेंबरच्या आधी इथे बॉस्टनला पोचायला हव्या असतील तर मापं शुक्रवारपर्यंत. २६ पैकी १९ आली आहेत. राहिलेल्यांनी स्वतःला ओळखावं. कंबर, सीट, कंबर ते घोटा, तिन्ही इंचांत. "मागच्या वर्षीचंच धर" असं कृपया लिहू नका. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांनी पार्किंग लॉटमध्ये पाहिलं.

दुसरं म्हणजे, नव्या पाच जणींपैकी केटलिन सहा फूट उंच आहे. शिंपीदादांच्या कटिंगमध्ये तिची पोटरी उघडी पडणार. काठ जोडून घ्यायचा की तिला न शिवलेली नेसवायची? नेसवायची तर कोण नेसवणार? उपाय सुचवा.

रश्मी

सुधाकरकाका, मंगळवार सकाळी ६:१५

चि. रश्मी,

नव्या पाच जणींना पोशाख देण्याचा विषय कार्यकारिणीत झाल्याचं मला आठवत नाही. सरावाला येऊ देत, त्याला माझी हरकत नव्हती आणि नाही. ती सडपातळ मुलगी ढोल चांगला पेलते, हेही मान्य. पण मिरवणुकीत नऊवारी, नथ, चंद्रकोर लावून पुढच्या रांगेत? गावच्या वर्तमानपत्रात फोटो कोणाचा येणार ते मी आत्ताच सांगतो. १९९१ साली तळघरात पहिला गणपती बसवला तेव्हा आपण सात कुटुंबं होतो आणि आरतीच्या आवाजावरून पोलीस आले होते. तेव्हा कोणाला नथ नको होती.

नऊवारी म्हणजे हॅलोवीनचा पोशाख नव्हे. आपण गप्प बसलो की काय होतं ते हळदीच्या वेळी पाहिलंच. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट इथल्या विद्यापीठाने घेतलं. शास्त्रज्ञ माशेलकरांसारखा मराठी माणूस उभा राहिला म्हणून १९९७ मध्ये ते रद्द झालं.

सुधाकर

अनघा, मंगळवार दुपारी १२:५०

काका, तुमचा मुद्दा आमच्या घरात दुसऱ्या बाजूने आलाय. ईशा कॉलेजातून फोनवर म्हणाली, "आई, गोऱ्या बायकांना नथ घालून नाचवणार? अप्रोप्रिएशन आहे ते." दुसऱ्यांची संस्कृती उचलणं, असं. म्हणजे तुम्ही आणि ती एकाच पक्षात. पाडव्याला तुम्हा दोघांचं काय झालं होतं ते आठवून मला हसू आलं.

पण केटलिननेच मला सरावानंतर बाजूला घेऊन विचारलं होतं, की मी हे घातलं तर तुमच्यापैकी कोणाला वाईट वाटेल का? मी म्हटलं छे छे. आता काय सांगू?

माझं माप रश्मीला फोनवर देते. यादीवर देणार नाही.

विद्याताई, मंगळवार रात्री ९:०५

अनघा, ईशाला हसू नकोस गं. या मुली शाळेत डब्यात पोळी-भाजी नेल्याबद्दल नाकं मुरडलेली पाहून मोठ्या झाल्यात. तेच हळदीचं दूध आता कॅफेत पाच डॉलरला मिळतं. त्यांना राग येतो तो आपल्याला येत नाही, कारण आपण वाढलो तिथे सगळेच पोळी-भाजी खात होते.

आपल्या बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधलं २०१५ सालचं किमोनो प्रकरण आठवतंय का कोणाला? मोने या फ्रेंच चित्रकाराचं १८७६ सालचं चित्र आहे, त्याची बायको लाल किमोनोत, सोनेरी केसांचा टोप घातलेली. त्या चित्रापुढे उभं राहून तसाच किमोनो घालून बघा, असा दर बुधवारचा उपक्रम होता. किमोनो जपानच्या एनएचके वाहिनीने बनवून घेतले होते, जपानमध्ये ते चित्र फिरलं तेव्हा तिथल्या लोकांनी हौसेने घातले. इथे मात्र फलक घेऊन तरुण मंडळी उभी राहिली, बरीचशी आशियाई वंशाची. संग्रहालयाने घालायचं बंद केलं, नुसता हात लावून बघा म्हणाले. मग उलट बाजूने जपानी बायका स्वतः किमोनो घालून आल्या, की घालू द्या हो लोकांना! तिकडे राहणाऱ्यांना एक वाटतं आणि इकडे वाढलेल्यांना दुसरं. दोघांचंही खोटं नसतं.

मी स्वतः त्यातल्या एका बुधवारी गेले होते. रांग मोठी होती म्हणून न घालताच परत आले.

विद्या

मकरंद, बुधवार पहाटे १:२०

काका, हळदीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. माशेलकरांचं म्हणणं "हळद आमची, तुम्ही लावू नका" असं नव्हतंच. हे ज्ञान जुनं आहे, पोथ्यांत आहे, तेव्हा कोणा एकाला त्यावर कुलूप घालता येणार नाही, एवढ्यासाठी त्यांची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआर भांडली. कुलूप तुम्ही घालताय.

आणि आपलं आपलं म्हणजे किती आपलं? परवाच्या आषाढीला तुमच्याकडे खिचडी खाल्ली. साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणे तिकडचे, बटाटा तिकडचा, हिरवी मिरची मेक्सिकोकडची. पोर्तुगीज आले नसते तर विठोबाला नुसतं जिरं आणि तूप. ताशा हा शब्दसुद्धा फारसीतून आलाय. त्रिनिदादमध्ये तोच 'टासा' मोहरमच्या मिरवणुकीत वाजतो, भारतातून गेलेल्या मजुरांनी नेला. त्यांना आता पत्र पाठवायचं का?

सुधाकरकाका, बुधवार सकाळी ६:०५

ताशा मराठी नाही असं तुम्हाला म्हणायचं आहे काय? पुण्यात मी १९६८ साली लक्ष्मी रोडवर ताशा ऐकला आहे. तेव्हा तुमचा जन्म व्हायचा होता.

खिचडी परत मागू नये.

मकरंद, बुधवार सकाळी ८:३०

जन्म झाला होता काका, दोन महिन्यांचा होतो.

रश्मी, बुधवार सकाळी ८:४५

मापं. अजून सहा राहिली. अनघाचं आलं, धन्यवाद.

ताशाच्या काड्यांची पिशवी कोणाकडे गेली आहे? पाचव्या नंबरच्या ढोलाचं पानही फाटलंय.

सतीश (खजिनदार), बुधवार दुपारी १:१०

रश्मी, नऊवारीचा हिशोब वेगळा कर, टीशर्टमध्ये मिसळू नकोस. टीशर्टचे ६० टक्के आगाऊ गेले आहेत. डिझाइन सोबत जोडलंय, शेवटचं बघून घ्या, सोमवारी छपाईला जाईल. सरावाला आणि मांडव उभारायला हाच घालायचा. काळ्यावर पांढरी वारली, मध्ये पालखीत बाप्पा, भोवती ढोलवाले. मस्त झालंय. नेटवरून घेतलंय, फुकट.

प्रशांत, बुधवार रात्री १०:३५

सतीश, "फुकट" वाचून थांबलो. मी डहाणूचा. यादीवर सहसा लिहीत नाही, जेवणाच्या साइनअपपुरता येतो.

आमच्या भागात लग्न असलं की वारल्यांच्या घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. सवाष्णी काढतात, मध्ये पालघाट देवी असते. तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते २०१८ मध्ये गेले. लहानपणी बाबांबरोबर त्यांच्या पाड्यावर गेलो होतो. घर आमच्या घराहून लहान होतं, एवढं लक्षात आहे. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं ते आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांनी. म्हणजे ही चित्रं बेवारशी नाहीत.

आपल्या टीशर्टवर वारल्यांच्या कमरेला ढोल बांधलाय. ते तारप्यावर नाचतात हो. तारपा वाजवणारा मध्ये आणि बाकीचे हातात हात घालून त्याच्याभोवती. ढोलपथक आपलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेल मुलांनी कोल्हापुरी चपला घातल्या आणि कुठे कोल्हापूरचं नाव नव्हतं, तेव्हा याच यादीवर किती मेल झाल्या ते शोधून पाहा. मी ४३ मोजल्या. काकांच्या ९. चपलेला २०१९ चं मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे, हेही तेव्हा काकांनीच शिकवलं. शेवटी त्या कंपनीने डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र-कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, २००० जोड आपल्याकडे बनवून घ्यायचा. आठशे युरोला विकायचं ठरलं, ते जाऊ दे. पण लाज वाटून का होईना कारागिरापर्यंत आले. आपण ७० टीशर्ट छापतोय आणि चित्र कोणी काढलं ते कोणालाच माहीत नाही.

प्रशांत

सतीश (खजिनदार), बुधवार रात्री ११:००

अरे पण आपण नफा कुठे करतोय? १५ डॉलर टीशर्ट, खर्च १४.

विद्याताई, गुरुवार सकाळी ७:४०

प्रशांत, लिहिलंस ते बरं केलंस. माझ्या पडद्यांवर वारली आहे, कपांवर आहे, मुलाच्या मुंजीच्या पत्रिकेवर होती. मुंजीच्या पत्रिकेवर वारली! तेव्हा एकालाही काही वाटलं नाही.

मकरंद, गुरुवार सकाळी ९:१५

माझंच म्हणणं मला पुरवून वापरावं लागणार असं दिसतंय. सगळं सगळ्यांचं, असं मी काल लिहिलं खरं. पण पोर्तुगीजांनी बटाटा आणला तेव्हा कोणाला भौगोलिक मानांकन नव्हतं, एवढं म्हणून पळ काढतो. सतीश, ज्याने काढलं त्याला पैसे दे बाबा.

सतीश (खजिनदार), गुरुवार सकाळी ९:३०

कोणाला देऊ? नेटवरच्या चित्राला सही नाही.

सुलभाकाकू (सुधाकरकाकांच्या मेलवरून), गुरुवार दुपारी ३:२०

अगं रश्मी, मी काकू. ह्यांना लिहायला लावणार होते पण ते तयार होईनात, तेव्हा स्वतःच टाइप करतेय. चुका पोटात घाल.

त्या उंच मुलीला मी नेसवते. काठ वगैरे जोडू नका, वाईट दिसतं. माझ्याकडे जांभळी इरकली आहे, खरीखुरी नऊ वार, हल्लीच्या दुकानातल्यासारखी कापून आखूड केलेली नाही. सहा फुटीला सहज पुरेल. तिला सांग परकर नको, सायकलवाल्या आखूड चड्ड्या घालून ये.

आणि एक, ह्यांच्या देखत सांगते. तुम्ही पथकात घालता ती घट्ट, मागे काष्टा मारलेली, पोटऱ्यांपर्यंत चापून बसवलेली, ती पद्धत फडातल्या बायकांची. १९७४ साली बेळगावात आमच्या सासूबाईंसमोर तशी नेसून आले असते तर दारातूनच परत पाठवलं असतं. "तमाशाला चाललीस का" हा त्यांचा शब्द. त्या बायकांना कोणी घरात घेत नव्हतं, त्यांची नेसण मात्र आज सगळ्यांच्या मुली घालतात आणि आपण म्हणतो आपली संस्कृती. मला ती छानच वाटते. पण त्या केटलिनला नथीवरून अडवताना ह्यांना काही आठवलं नाही, तेव्हा म्हटलं आपणच आठवण करावी.

सुलभा

सुधाकरकाका, गुरुवार दुपारी ३:५५

वरील मेल माझी नाही. नथ दाबाची घ्यावी, टोचलेलं नाक नसेल तर ढोल वाजवताना पडते.

अनघा, गुरुवार संध्याकाळी ६:१०

काकूंची मेल ईशाला पाठवली. तिने तीन वेळा वाचली म्हणे. शनिवारच्या सरावाला येतेय, काकूंकडून नेसायला शिकायचंय. केटलिनबद्दल मत बदललं का विचारलं तर म्हणाली, "थांब, आधी मला येऊ दे."

रश्मी, गुरुवार रात्री ८:००

काकू, तुम्ही थोर आहात. शनिवारी तळघर रिकामं करून ठेवते. कोणाकडे मोठा आरसा आहे का?

मापं चार राहिली.

प्रशांत, गुरुवार रात्री ११:५०

डहाणूला आता शुक्रवारची सकाळ आहे. शाळेतल्या मित्राकरवी एका तरुण चित्रकाराशी बोलणं झालं, वारली आहे, चित्रं काढूनच घर चालवतो. दोन दिवसांत काढून देतो म्हणाला. नाव खाली घालायचं, पैसे त्याच्या खात्यात थेट. आकडा सतीशला वेगळा कळवतो, जेवणातली एक स्वीट डिश कमी केली तर बसतो.

बाप्पा काढायला तयार आहे. पण वारल्यांच्या कमरेला ढोल बांधणार नाही म्हणतो, तारपा काढेन म्हणतो.

सतीश (खजिनदार), शुक्रवार सकाळी ७:०५

ढोलपथकाच्या टीशर्टवर तारपा??